गोळीनंतर लांबलेली पाळी

सुनेच्या किंवा नातीच्या खोलीत एकाच गोळीचे रिकामे पाकीट दिसते आणि पुढे काही दिवसांनी तिची पाळी वेळेवर आलेली नाही, हेही घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या नजरेतून सुटत नाही. मग दोन शंका मनात घर करतात. गोळी निष्फळ ठरली काय? की तिने शरीरात काही कायमचे बिघडवले? आपल्या पिढीच्या तरुणपणी ही गोळी सहजी मिळत नव्हती, त्यामुळे तिच्याविषयी विचारावे तरी कोणाला, हा तिसरा प्रश्न. आपल्या देशात २००५ पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून औषधाच्या दुकानात मिळते. सोय मोठी झाली. परंतु समजावून सांगणारा माणूस मधून गेला, आणि पाकिटातील बारीक अक्षरांचा कागद कोणी वाचत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ही गोळी गर्भपाताची नव्हे. तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम इतके असते आणि तिचे मुख्य कार्य स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया पुढे ढकलणे, एवढेच आहे. गर्भ एकदा रुजला की या गोळीचा त्यावर परिणाम होत नाही. म्हणूनच ती संबंधानंतर शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत घ्यावयाची असते. विलंब होईल तसा तिचा गुण कमी होतो.

पाळी का लांबते, याचे उत्तर या कार्यातच आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर साधारणपणे चौदा दिवसांनी पाळी येते. चक्राचा हा उत्तरार्ध बराचसा ठरलेला असतो. समजा, २८ दिवसांचे चक्र आहे आणि बाराव्या दिवशी गोळी घेतली. चौदाव्या दिवशी सुटणारे बीज पाच दिवस उशिरा सुटले, तर पाळीही ३३व्या दिवसाच्या आसपास येणार. म्हणजे लांबलेली पाळी पुष्कळदा गोळी निष्फळ ठरल्याची नव्हे, तर तिने आपले काम केल्याची खूण असते. चक्राच्या अगदी आरंभी गोळी घेतली असेल तर पाळी उलट लवकरही येते. दोन-चार दिवस मागेपुढे होणे नित्याचे आहे. आठवड्यापर्यंतचा फरकही काळजीचा नव्हे. परीक्षा, जागरण आणि मनावरचा ताण यांनीही पाळी पुढे जाते, आणि अशा दिवसांत ताण नसेल तरच नवल!

येथे दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवाव्यात. गोळीनंतर काही दिवसांनी थोडा रक्तस्राव किंवा डाग दिसतात. त्यालाच पाळी समजून घरची मंडळी निश्चिंत होतात, तसे होऊ नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बीज पुढे ढकलले गेले आहे, नाहीसे झालेले नाही. त्यामुळे गोळी घेतल्यानंतर त्याच महिन्यात पुन्हा असुरक्षित संबंध आला, तर दिवस जाण्याचा धोका कायम राहतो. एक गोळी महिनाभर राखण करीत नाही. शिवाय क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन, अपस्मारावरील फेनिटॉइन वा कार्बामाझेपिन ही औषधे चालू असतील, किंवा गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली असेल, तर तिच्यावर विसंबता येत नाही.

मग किती दिवस थांबावे? भिंतीवरील कालनिर्णयावर अपेक्षित तारखेची खूण पाहावी. त्या तारखेवर सात दिवस उलटले, किंवा संबंध येऊन तीन आठवडे झाले आणि पाळी नाही, तर लघवीची चाचणी करावी. सकाळची पहिली लघवी उत्तम. पट्टीवरील निकाल पाकिटावर दिलेल्या मिनिटांतच वाचावा; तासाभराने उमटलेल्या पुसट रेघेवरून काहीही ठरवू नये. गावाकडे आशाताईंकडे ‘निश्चय’ हा चाचणीचा संच मिळतो. फार लवकर केलेली चाचणी खोटा दिलासा देते. निकाल ‘नाही’ आला आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा चाचणी करून डॉक्टरांना भेटावे. अंगावर दूध पाजणाऱ्या मातेची पाळी मुळातच अनियमित असते. तिच्या बाबतीत तारखेचा हिशेब बाजूला ठेवून तीन आठवड्यांनी सरळ चाचणीच करावी.

या वाट पाहण्याच्या दिवसांत वडीलधाऱ्यांच्या हातून प्रेमापोटी काही चुका होतात. ओवा-तिळाचे काढे, कच्ची पपई, गाजराचे बी यांचा मारा सुरू होतो. यांनी पाळी खात्रीने येत नाही, पोट मात्र बिघडते. दुकानातून ‘पाळी आणणारी’ गोळी मागून आणणे तर त्याहून वाईट. कारण दिवस गेले आहेत की नाहीत, हे कळण्याआधीच चित्र गढूळ होते. गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या याच महिन्यात घेतल्या असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. आणि चौकशीविषयी म्हणाल, तर ‘कोणी, कधी, कसे’ यापेक्षा ‘तपासणीला मी बरोबर येऊ का ग?’ एवढे विचारणे पुरे आहे. ज्या घरात जाब विचारला जातो, त्या घरातील मुलगी पुढचे दुखणे लपवते.

आणि ते लपवणे जिवावर बेतू शकते. ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना, चक्कर, घेरी, खांद्याच्या टोकाशी दुखणे, अशी लक्षणे असतील तर गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहिनीत रुजल्याची शक्यता असते. असे क्वचित घडते. पण घडल्यास तारीख मोजत बसू नये, त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

चाचणीत दिवस गेल्याचे आढळले तर? घेतलेल्या गोळीमुळे बाळात व्यंग येते, असे आढळलेले नाही. तेव्हा हवे असलेले मूल केवळ त्या भीतीने नाकारू नये. पुढील मातृत्वावरही या गोळीचा परिणाम होत नाही. ती वारंवार घ्यावी लागत असेल, तर मात्र तांबी किंवा नियमित गोळ्या यांविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे, कारण त्या अधिक खात्रीच्या आहेत. मूल नको असेल, तर १९७१च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त केंद्रातच गर्भपात करून घ्यावा, दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी घरी नव्हे. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर पालकांची लेखी संमती लागते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. तेथे पतीची किंवा सासूबाईंची सही लागत नाही.