केग घेतलात, तरी बाटल्या टाकू नका

पहिला केग घरी आला की अनेक जण रिकाम्या बाटल्यांची खोकी आधी बाहेर काढतात. त्यांचा वैताग आम्हाला समजतो. 19 लिटरच्या एका घाण्याला 355 मिलिलिटरच्या पन्नासेक बाटल्या लागतात. इथे अमेरिकेत 1978 च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलनची, म्हणजे असे 40 घाणे काढायची मुभा मिळाली. तेवढ्या दोन हजार बाटल्या धुवायच्या कोणी? केग एकच धुवायचा. 4 अंश सेल्सिअसला 12 पीएसआयचा दाब आठवडा-दीड आठवडा ठेवला की फेस जमतो, आणि कमी-जास्त झालाच तर दुरुस्तही करता येतो. बाटलीवर बिल्ला बसला की ती सोय संपली.

तरीही आमचा कौल सोयीवर नाही, बिअरच्या जातीवर आहे. हॉप्सचा सुगंध हाच जिचा जीव, ती आयपीए केगमध्येच भरा. बाटल्या भरताना लागलेली हवा काही आठवड्यांत तिचा रंग काळपटवते, वासही उडतो. पण केगचे झाकण उघडून वरून बिअर ओतली, तर तीच हवा केगमध्येही शिरते. केग सॅनिटायझरने काठोकाठ भरा, कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने तो बाहेर ढकला आणि मग बिअर बंद नळीतून आत घ्या. बाकीची पथ्ये थोडक्यात: सांध्यांना साबणाचे पाणी लावून गळती पाहा, दर केगनंतर नळ्या धुवा, सिलिंडर कोंदट खोलीत ठेवू नका.

बेल्जियन ट्रिपेल आणि बार्लीवाइन मात्र बाटलीतच मुरू द्या. साखर मिळाल्याने पुन्हा जागे झालेले यीस्ट आतला बराचसा ऑक्सिजन वापरून टाकते. वर्षभराने उघडलेल्या बार्लीवाइनला जी गोलाई येते, तिच्यासाठी पन्नास बाटल्या धुणे आम्हाला जड वाटत नाही. शिवाय त्यासाठी फ्रीज अडत नाही, आणि स्पर्धेला पाठवायला किंवा मित्राच्या हाती द्यायला बाटलीच लागते.

बाटलीचा खरा शत्रू घाई. आमच्या कपाटात एका रात्री तीन बाटल्या फुटल्या. दार बंद होते म्हणून निभावले. हायड्रोमीटर 1.014 दाखवत होता आणि आम्ही आंबवण संपली असे धरून चाललो. प्रत्यक्षात ती 1.010 पर्यंत उतरायची होती. एरवी 19 लिटरला 115 ग्रॅम साखर घातली की सुमारे 2.4 व्हॉल्यूम वायू तयार राहतो. त्या उरलेल्या चार अंशांनी आणखी दोनेक व्हॉल्यूमची भर घातली, म्हणजे वायू जवळजवळ दुप्पट झाला. साध्या बाटलीची काच तेवढे सोसत नाही.

म्हणून बाटल्या भरणाऱ्या प्रत्येकाला आमची विनंती आहे: हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस तोच आल्याची वहीत नोंद झाल्याशिवाय साखर उकळायला ठेवू नका.