सुवर्णभूमीचा प्रवास आणि आपली दृष्टी

येत्या दिवाळीच्या सुटीत आम्ही, या निवासी शाळेतील काही शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि माजी विद्यार्थी, मिळून थायलंडच्या प्रवासास निघणार आहोत. गेली तीन वर्षे आम्ही एकोणीस जण दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकत आलो. ज्यांच्या आईवडिलांनी तालुक्याच्या गावापलीकडचे जग पाहिले नाही, त्यांच्या हाती आज पासपोर्ट आहे, ही गोष्ट आमच्या दृष्टीने लहान नाही. परंतु पैसा जमला आणि खरा प्रश्न उभा राहिला: त्या देशात जाऊन पाहावयाचे काय? या एका प्रश्नावर चार बैठका झाल्या, मतभेद झाले, क्वचित आवाजही चढले. आपल्या समाजातून बौद्ध देशांकडे जाणाऱ्यांची संख्या वाढत आहे; म्हणून त्या वादातून आम्हांस जे उमगले, ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिला आराखडा एका प्रवासी कंपनीने दिला. पाच दिवस; बँकॉक आणि पटाया; समुद्रसफर, दागिन्यांचे दुकान, बाजार, आणि मधल्या एका सकाळी तासाभरात दोन विहार. दुसरा आराखडा आमच्यातील ज्येष्ठांनी मांडला. त्यात केवळ विहार होते. जावे, वंदना घ्यावी, पुष्पे अर्पण करावी आणि येताना मूर्ती आणावी. वरवर पाहता हे दोन्ही आराखडे एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे आहेत. आमच्या मते त्यांत एक उणीव समान आहे. पहिला बाजार पाहून परततो, दुसरा सोने पाहून परततो. त्या देशातील माणसाला धम्माने काय दिले, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी बौद्ध देश कसे पाहिले, याचे स्मरण येथे उपयोगी पडते. १९५० साली कोलंबो, १९५४ साली रंगून आणि १९५६ साली काठमांडू येथे भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदांना ते गेले. रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे स्थापन केली. म्हणजे श्रद्धा होतीच. परंतु १९५० साली महाबोधी संस्थेच्या नियतकालिकात लिहिताना त्यांनी भिक्षुसंघाची कठोर चिकित्साही केली. भिक्षू हा समाजाचा सेवक असावा, संघाने आळसाचे आश्रयस्थान होऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. हात जोडणे आणि डोळे उघडे ठेवणे या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या. त्या परिषदा भरविणाऱ्या जागतिक बौद्ध बंधुत्व संघाचे मुख्यालय आज बँकॉकमध्ये आहे. आमच्या आराखड्यातील पहिली नोंद म्हणून आम्ही तेच लिहिले.

काळाची निवडही आम्ही विचारपूर्वक केली. पावसाळा सरतो, हवा सौम्य होऊ लागते आणि भिक्षूंचा वर्षावास आश्विन पौर्णिमेस संपतो. तेथून कार्तिक पौर्णिमेपर्यंत गावोगावी कठिन चीवरदान चालते. हा सोहळा पर्यटकांसाठी मांडलेला नसतो. गावकरी आपल्या विहारासाठी वर्गणी काढतात, अन्न शिजवितात, चीवर अर्पण करतात. कार्तिक पौर्णिमेच्या रात्री लॉय क्राथोंगचा उत्सव होतो आणि केळीच्या खोडाच्या चकत्यांवर फुले-मेणबत्त्या ठेवून लोक त्या पाण्यावर सोडतात. मात्र याच सुमारास चाओ फ्राया नदीला पूर येण्याचा संभव असतो. २०११ सालच्या महापुरात अयुत्थयाचे अवशेषही पाण्याखाली गेले होते. म्हणून आराखड्यात एक दिवस मोकळा ठेवला आहे. प्रवेशपरवान्याचे नियम वारंवार बदलतात, ते तिकिटे काढण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

बँकॉकसाठी दोन दिवस आहेत. वाट फो या विहारातील पहुडलेल्या बुद्धांची मूर्ती ४६ मीटर लांब आहे आणि बहुतेक प्रवासी तिचे छायाचित्र काढून बाहेर पडतात. आम्हांस त्या विहाराच्या भिंतींवरील आणि मंडपांतील शिलालेख अधिक मोलाचे वाटतात. १८३०च्या दशकात तिसऱ्या राम राजाने वैद्यक, काव्य, इतिहास, नीती अशा विषयांचे ज्ञान दगडावर कोरून घेतले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी खुले ठेवले. युनेस्कोने या शिलालेखांचा जागतिक स्मृतिठेव्यात समावेश केला आहे. त्या काळात आपल्याकडे शूद्रातिशूद्रांना अक्षराजवळ फिरकू दिले जात नव्हते. जोतीराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा पुण्यात निघाली ती १८४८ साली. हा फरक आमच्या विद्यार्थ्यांना त्या भिंतीच्या छायाचित्रासह सांगता येईल.

विहार आणि शाळा यांचे नाते त्या देशात आणखी एका रूपाने दिसते. खेड्यातील गरीब घरची मुले शहरातील विहारात राहतात, भिक्षूंची कामे करतात, उरलेल्या भिक्षान्नावर जेवतात आणि जवळच्या शाळा-महाविद्यालयात शिकतात. त्यांना ‘देक वाट’, म्हणजे विहाराची मुले, असे म्हणतात. दोनदा पंतप्रधान झालेले चुआन लीकपाई हे असेच विहारात राहून शिकले. वसतिगृहाच्या ताटावर वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे वाचून आपुलकी वाटली नसती तरच नवल. परंतु विहाराची ही मुले म्हणजे मुलगेच. मुलीला भिक्षूंच्या वसतीत राहून शिकण्याची सोय नव्हती. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

याच शहरात आम्हांस एक अवघड गोष्टही पाहावयाची आहे. राजवाड्यालगतच्या वाट फ्रा केओच्या ओवऱ्यांमध्ये रामकथेची चित्रे आहेत. राजांना ‘राम’ हे बिरुद आहे. राज्याभिषेकात दरबारी ब्राह्मण पुरोहितांचा विधी असतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला हे खटकणारच. खटकू द्यावे, आणि मग हे कसे घडले याचा अभ्यास करावा. राजसत्तेला देवत्वाची झालर हवी असते आणि ती पुरविणारे नेहमीच उपलब्ध असतात. बौद्ध देशही याला अपवाद ठरला नाही.

बँकॉकच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर अयुत्थया आहे. रेल्वेने सहज जाता येते. १३५१ ते १७६७ अशी चार शतकांहून अधिक काळ ती राजधानी होती. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने तिचा विध्वंस केला. तेथील मस्तकहीन बुद्धमूर्तींच्या रांगा पाहून प्रवासी हळहळतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक पाऊल पुढे जाऊन लक्षात घ्यावे की, जाळणारे आणि जळणारे दोघेही स्थविरवादी बौद्ध होते. शीलाचा उच्चार आणि शीलाचे आचरण यांतले अंतर याहून स्पष्ट कोठे दिसेल? याच राज्यात ‘सक्दिना’ नावाची व्यवस्था होती. प्रत्येक माणसाला दर्जाचा एक आकडा दिलेला असे: दासाला ५, सामान्य शेतकऱ्याला २५च्या आत, आणि उपराजाला १,००,०००. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेची जी मीमांसा केली, ती वाचलेल्या माणसाला हे आकडे ओळखीचे वाटतील. फरकही नोंदविला पाहिजे: हा दर्जा पदासोबत बदलू शकत होता आणि त्याला अस्पृश्यतेचा विटाळ चिकटलेला नव्हता. साम्य आणि फरक दोन्ही प्रामाणिकपणे मांडणे हे आपले काम आहे.

तेथून उत्तरेकडे रेल्वेने फित्सानुलोक आणि पुढे बसने सुखोथाई. या तेराव्या शतकातील राजधानीत चालत्या बुद्धांच्या मूर्ती घडल्या. एक पाऊल उचललेले, एक हात अभय देणारा. चारिका करणारे, माणसांकडे चालत जाणारे तथागत आमच्या मनातील तथागतांच्या अधिक जवळचे आहेत. १२९२ सालचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या शिलालेखात राजद्वारी टांगलेल्या घंटेचा उल्लेख आहे. गाऱ्हाणे असलेल्या कोणाही प्रजाजनाने ती वाजवावी आणि राजाने न्याय द्यावा. हा लेख नंतरच्या काळातील असावा, असे म्हणणारे विद्वानही आहेत. मुलांना आम्ही घंटेची गोष्ट सांगू, तो वादही सांगू.

परतीनंतर बँकॉकच्या पश्चिमेस नखोन पथोम. येथील फ्रा पथोम चेदी सुमारे १२० मीटर उंच आहे. याच प्रांतात सोंगधम्मकल्याणी हा भिक्षुणींचा विहार आहे, आणि तो आमच्या आराखड्यात कसा आला हे सांगितले पाहिजे. चौथ्या बैठकीत चहा घेऊन आलेल्या, शाळेच्या स्वयंपाकघरातील मावशी दाराशी थांबल्या आणि त्यांनी विचारले, “तिथं बाईला चीवर देतात का हो?” त्यांची नात आमच्या शाळेत आठवीत आहे, उन्हाळ्यात श्रामणेरी शिबिर करून आलेली. आमच्यापैकी कोणालाही हा प्रश्न तोवर सुचला नव्हता, हे कबूल करावयास संकोच वाटतो.

उत्तर शोधले ते असे. १९२८ साली थायलंडच्या संघराजांनी आदेश काढून भिक्षूंना स्त्रियांना प्रव्रज्या देण्यास मनाई केली. तेथील संघाची अधिकृत भूमिका आजही तीच आहे. श्वेतवस्त्र धारण करून शील पाळणाऱ्या हजारो स्त्रिया विहारांत राहतात, पण त्यांना भिक्षुणीचा मान नाही. चत्सुमान कबिलसिंह या विद्यापीठातील प्राध्यापिकेने २००१ साली श्रीलंकेत श्रामणेरी दीक्षा आणि २००३ साली उपसंपदा घेतली. धम्मनंदा भिक्खुणी म्हणून त्या या विहाराच्या प्रमुख झाल्या. महाप्रजापती गौतमीला पायी चालत जाऊन जे मागावे लागले, ते अडीच हजार वर्षांनंतर विमानाने परदेशी जाऊन मिळवावे लागते, ही गोष्ट बौद्ध म्हणविणाऱ्या प्रत्येकाने मनाशी घोळवावी.

तेथून पुढे कांचनबुरी. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ मध्ये, जपानी सैन्याने कैदी आणि मजूर राबवून थायलंड ते ब्रह्मदेश ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग बांधला. १२,०००हून अधिक युद्धकैदी मेले. त्यांपैकी जवळजवळ ७,००० जणांच्या कबरी तेथील दफनभूमीत नीट राखलेल्या आहेत आणि बहुतेकांवर नावे कोरलेली आहेत. आशियाई मजूर त्याहून कितीतरी पटींनी अधिक मेले. त्यांत मलायातील रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूर होते; त्या मळ्यांवर अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची माणसे मोठ्या संख्येने राबत होती. त्यांच्या नावाचा दगड नाही. नदीवरील पूल पाहण्यास जग लोटते. आम्ही तेथे त्या अनाम मजुरांसाठी मेणबत्त्या लावणार आहोत.

काही पथ्येही ठरविली आहेत. विहारात खांदे आणि गुडघे झाकणारी वस्त्रे, पादत्राणे बाहेर, मूर्तीकडे पाय करून बसावयाचे नाही. राजघराण्याविषयी तेथील कायदा कठोर आहे; चर्चा घरी आल्यावर करावी. बुद्धमूर्ती देशाबाहेर नेण्यास तेथील ललित कला विभागाची परवानगी लागते. आणि दिवाणखान्यात ठेवण्यासाठी बुद्धांचे नुसते मस्तक कोणीही विकत घेऊ नये. अयुत्थयाची कितीतरी मस्तके अशाच हौशी संग्राहकांसाठी तोडली गेली.

आमच्यातील एका ज्येष्ठांनी शेवटी एक आक्षेप घेतला. बौद्ध देशाचे दोष आपणच दाखविले तर विरोधकांना आयते हत्यार मिळेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या कळकळीबद्दल आम्हांस आदर आहे. धर्मांतरापूर्वीचे दिवस त्यांच्या वडिलांनी सोसलेले आहेत. तरीही आम्ही नम्रपणे असहमत आहोत. आपण धम्म स्वीकारला तो पारखून. जे पारखून घेतले ते पारखीत राहण्यास भ्यावयाचे कारण नाही. आणि आठवीतल्या मुलीने उद्या विचारले की त्या देशात मला चीवर मिळाले असते का, तर तिला सोन्याच्या मूर्तीचे छायाचित्र दाखवून गप्प बसविता येणार नाही.

अंतिम आराखडा आठ दिवसांचा झाला आहे. पटाया वगळले, त्यावर तरुण मंडळी अजून थोडी नाराज आहेत. हारफुलांसाठी काढलेली रक्कम आम्ही दुसरीकडे वळविली आहे. तीत प्रत्येकाने थोडी भर घातली आणि एक विसावी जागा काढली. मावशींचा पासपोर्टचा अर्ज गेल्या महिन्यात भरला. परतल्यावर प्रत्येकाने वसतिगृहाच्या सभागृहात मुलांपुढे उभे राहून आपण काय पाहिले आणि काय खटकले ते सांगावयाचे आहे. पहिले बोलणे मावशींचे ठरले आहे. वाचकांपैकी जे त्या देशी जाऊन आले असतील, त्यांनी आपला अनुभव आम्हांस अवश्य कळवावा. आराखड्यात बदल करण्यास अजून अवधी आहे.

सर्वांस सविनय जयभीम.