हप्ता जमतो, मग बचत का जमत नाही?

नल्लकुंट्याच्या भाजी मार्केटमध्ये रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास एक माणूस येतो. हातात छोटी वही, कानावर पेन. मी जिच्याकडून कोथिंबीर-पुदिना घेते त्या अम्मापाशी तो दोन मिनिटंही थांबत नाही. शंभराची नोट घेतो, वहीत टिक करतो आणि पुढच्या गाड्यावर जातो. मार्केटमध्ये त्याला सगळे ‘डेली फायनान्स’ म्हणूनच ओळखतात. एकदा माझ्या मोडक्यातोडक्या तेलुगूत मी अम्माला हिशेब विचारला. हातात आले नऊ हजार, फेडायचे दहा हजार, रोज शंभर याप्रमाणे शंभर दिवस.

मी साहित्याची विद्यार्थिनी असले तरी एवढं गणित मला येतं. मुद्दल रोज कमी होत जातं, तेव्हा वर्षाच्या हिशेबाने हे व्याज ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातं. म्हटलं, “अम्मा, हेच शंभर रोज घरी डब्यात टाकले तर नव्वद दिवसांत तुमचेच नऊ हजार होतील. हजार रुपये वाचतील.” जुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, “डबा वसुलीला येतो का?”

मला त्या वेळी हसू आलं. पण नंतर आमच्या एका इकॉनॉमिक्सवाल्या मैत्रिणीमुळे थोडं वाचन झालं आणि लक्षात आलं की गरीब देशांतल्या बचतीवर जे संशोधन झालंय, त्याचा बराचसा भाग अम्माच्या या एका प्रश्नाभोवतीच फिरतो. माझं म्हणणं असं आहे की गरिबांपर्यंत कर्ज पोहोचवायला आपण जेवढी हुशारी खर्च केली, तेवढी बचत पोहोचवायला केली नाही. आणि त्याची किंमत आता फक्त अम्मा नाही, आपली पिढीही मोजतेय.

सुरुवात जरा मागून करते. आर्थर लुईस यांनी १९५४ साली विकासाच्या अर्थशास्त्रापुढचा मुख्य प्रश्न असा मांडला: उत्पन्नाच्या चार-पाच टक्के बचत करणारा देश बारा-पंधरा टक्के बचत करणारा कसा होतो? त्यांचं उत्तर होतं की नफा कमावणारा वर्ग वाढतो आणि तो नफा पुन्हा गुंतवतो. मजूर, फेरीवाले, शेतकरी यांच्याकडून बचतीची त्यांनी फारशी अपेक्षाच ठेवली नव्हती. पुढे बांगलादेशातून मायक्रोफायनान्सची लाट आली. तिचं म्हणणं, गरिबाकडे कष्ट आहेत पण भांडवल नाही, तेव्हा त्याला छोटं कर्ज द्या. २००६ साली मुहम्मद युनूस आणि ग्रामीण बँकेला शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा ही कल्पना जगभर गेली. पण दोन्ही विचारांत एक गोष्ट समान आहे. गरीब माणूस स्वतः पैसा साठवेल, असं दोन्हीकडे कोणी धरून चालत नाही.

या कल्पनेची सगळ्यात गाजलेली परीक्षा झाली ती आपल्याच शहरात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रॅचेल ग्लेनर्स्टर आणि सिंथिया किनन यांनी हैदराबादमधल्या १०४ वस्त्या निवडल्या. त्यांतल्या ५२ वस्त्यांत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ठरवून, ‘स्पंदना’ या संस्थेने आधी शाखा उघडल्या. उरलेल्या ५२ तुलनेसाठी राहिल्या. कर्ज फक्त बायकांना, सहा ते दहा जणींच्या गटाला. पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं, पन्नास आठवडे हप्ता. व्याज म्हणायला १२ टक्के, पण ते शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर लावलेलं, म्हणजे खरं पाहता २४ टक्क्यांच्या जवळ.

सव्वा-दीड वर्षाने घरोघर जाऊन पाहणी झाली. शाखा आलेल्या वस्त्यांत साधारण २७ टक्के कुटुंबांनी असं कर्ज घेतलं होतं, न आलेल्या वस्त्यांत १८ टक्क्यांनी. म्हणजे दार उघडलं तरी तीन-चतुर्थांश लोक आत गेलेच नाहीत. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी त्यात थोडी जास्त गुंतवणूक केली, पण सरासरी कुटुंबाचा एकूण खर्च वाढला नाही. मुलांचं शिक्षण, आरोग्य, घरात बाईचा शब्द चालणं, यांतही ठळक फरक दिसला नाही. २०१५ साली हे संशोधन छापून आलं, त्याच्या शीर्षकातच ‘चमत्कार’ या शब्दापुढे प्रश्नचिन्ह होतं.

बातमी झाली ती एवढ्याचीच: चमत्कार झाला नाही. पण त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे आणि मला तीच महत्त्वाची वाटते. शाखा आलेल्या वस्त्यांत टिकाऊ वस्तूंवरचा खर्च वाढला आणि बाहेरचा चहा, खाणं, पान-तंबाखू, सणसमारंभ यांवरचा खर्च कमी झाला. याचा साधा अर्थ लावून पाहा. लोकांनी रोजची छोटी हौस मारली आणि एक मोठी वस्तू घेतली. आपल्या आजीने पै पै साठवून शिवणयंत्र घेतलं असेल, तर तिने दुसरं काय केलं होतं? फरक इतकाच की आजीने आधी साठवलं आणि मग घेतलं, आणि या बायकांनी आधी घेतलं आणि मग साठवलं. आठवड्याचा हप्ता ही खरं तर बचतच होती, उलट्या बाजूने केलेली, आणि तिच्यावर २४ टक्के खर्च बसत होता. काटकसर करायची ताकद त्या वस्त्यांत होती. ती बाहेर काढणारी एकच व्यवस्था दारात आली, ती कर्जाची.

हे मी ओढूनताणून म्हणतेय असं वाटत असेल तर विजयवाड्याचं उदाहरण बघा. स्टुअर्ट रदरफर्ड या अभ्यासकाने तिथल्या वस्त्यांत फिरणाऱ्या एका बाईबद्दल लिहिलंय. ती दारोदार जाऊन लोकांचे पैसे गोळा करते, पण कर्जाचे नाही, बचतीचे. रोज पाच रुपयांप्रमाणे २२० दिवस दिले की जमतात ११००. ती परत देते १००० आणि शंभर स्वतःची मजुरी ठेवते. म्हणजे लोक व्याज घेण्याऐवजी देतायत, वर्षाला तीस टक्क्यांच्या घरात! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. मग अम्मा आठवली. ही बाई म्हणजे वसुलीला येणारा डबा आहे.

केनियातल्या एका बाजारपेठेत पास्कलिन ड्युपास आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी विक्रेत्या बायकांना बँक खाती काढून दिली. खात्यावर व्याज शून्य आणि पैसे काढायला शुल्क. तरीही बायकांनी पैसे ठेवले आणि त्यांची धंद्यातली गुंतवणूक बरीच वाढली. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. युगांडा, मलावी आणि चिली या तीन देशांत नंतर अशीच खाती काढून दिली, तेव्हा बहुतेक खाती तशीच पडून राहिली. म्हणजे नुसतं खातं उघडून भागत नाही. आपल्या जनधनचंही तेच आहे. २०१४ पासून कोट्यवधी खाती उघडली गेली, हे काम लहान नाही. अम्माचंही खातं आहे. पण तिच्या हातात पैसा येतो संध्याकाळी, तेव्हा बँक बंद असते. आणि सकाळी बँक उघडते तेव्हा ती गाड्यावर असते.

कर्जाच्या बाबतीत आपण हा वेळेचा प्रश्न कधीच सोडवला. पुढे काय झालं तेही आपल्याला माहीत आहे. एकाच घरावर तीन-तीन संस्थांची कर्जं, वसुलीचा जाच, आत्महत्यांच्या बातम्या. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने वटहुकूम काढला आणि मायक्रोफायनान्सची वसुली जवळजवळ थांबली. सुटका झाली असं वाटेल, पण एमिली ब्रेझा आणि किनन यांनी नंतर दाखवलं की आंध्रात पैसा अडकलेल्या संस्थांनी इतर राज्यांतल्या जिल्ह्यांत कर्ज देणं कमी केलं आणि तिथे मजुरीचे दर आणि घरांचा खर्च दोन्ही घटले. म्हणून ‘कर्ज बंद करा’ असं मी म्हणत नाही. एकदम नळ बंद केला तर ज्याने कधी कर्ज घेतलं नाही त्या मजुरालाही तहान लागते. पण ज्या घरात साठवलेलं काहीच नाही, तिथे प्रत्येक अडचणीला कर्ज हाच एक उपाय उरतो.

आता आपल्याकडे येते. डिसेंबर २०२० मध्ये तेलंगणात फोनवरच्या कर्ज-ॲप्सच्या छळामुळे काही तरुणांनी जीव दिला आणि पोलिसांनी धरपकड केली. रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांचे नियम २०२२ मध्ये आणले. आजही आपल्या फोनवर पाच मिनिटांत कर्ज मिळतं, बूट हप्त्यावर मिळतात. देशातल्या कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२०-२१ या कोरोनाच्या वर्षात जीडीपीच्या ११ टक्क्यांच्या वर होती, ती २०२२-२३ मध्ये साधारण ५ टक्क्यांवर आली. अर्थ मंत्रालयाचं म्हणणं, लोक कर्ज काढून घरं आणि गाड्या घेतायत, त्यात चिंता करण्यासारखं काही नाही. घराच्या बाबतीत मान्य. पण हॉस्टेलमधल्या किती जणांनी हप्त्यावर घर घेतलंय?

गंमत अशी की दारात येणारी बचत आपल्याला नवीन नाही. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने पिग्मी ठेव सुरू केली. एजंट रोज दुकानात यायचा आणि दोन आणेसुद्धा घ्यायचा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात ‘पिग्मीवाला’ कोण हे सांगावं लागत नाही. मी वसईची. तिथे १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी सुरू केलेली कॅथलिक पतसंस्था आज बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून उभी आहे. लहानपणी मला तो सगळा कंटाळवाणा कारभार वाटायचा. आता वाटतं, रविवारी मिस्साला भेटणाऱ्या माणसांनी एकमेकांचा पैसा सांभाळायची शिस्त बसवली, ही त्या काळातली मोठी सुधारणाच होती.

या वाटेतही खड्डे आहेत. पतसंस्था बुडाल्या की पिग्मी भरणाऱ्या टपरीवाल्याचेही पैसे बुडतात. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना तो नाही. सुधारणा हवी ती इथे. रोजची छोटी ठेव दारात घेणाऱ्याला पुरेसं कमिशन द्या, जागेवर पावती मिळू द्या आणि त्या ठेवीला विम्याचं छत्र द्या. कर्जाच्या वसुलीसाठी जी माणसं, जे ॲप, जी चिकाटी वापरली जाते, तीच बचतीसाठी वापरता येईल.

गरिबांना बचतीची सवयच नसते, असं आपल्याकडे सुशिक्षित माणसं अगदी सहज म्हणतात. मी शंभर दिवस अम्माच्या गाड्यावरून गेलेय. पावसात मार्केट अर्धं रिकामं होतं त्या दिवशीही तिने शंभराची नोट काढून दिली. शंभरपैकी एकही दिवस चुकला नाही. एवढी शिस्त माझ्यात नाही. कर्ज फिटलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने पुढचं घेतलं. कारण सहा वाजता येणारा माणूस तो एकच होता.