‘शास्त्र’ या शब्दाची उसनवारी

फलज्योतिषावर वाद सुरू होताच त्याचे समर्थक आर्यभट आणि भास्कराचार्य यांना पुढे करतात. ही चलाखी मुख्यतः भाषेची असल्यामुळे मराठी शिकविणाऱ्या आम्हा मंडळींना तीत पडणे भाग आहे. परंपरेने ‘ज्योतिष’ या शब्दाखाली तीन स्कंध मानले: गणित, संहिता आणि होरा. ग्रहणाची वेळ सांगते ते गणित. मुलीचे लग्न केव्हा जमेल हे सांगू पाहते ती होरा. पहिल्याची पत दुसरीच्या खात्यात जमा करण्याचा हा व्यवहार आहे. शं. बा. दीक्षितांचा १८९६ सालचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ प्रामुख्याने खगोलगणिताचा इतिहास आहे, हे त्याचे नुसते नाव घेणाऱ्यांच्या गावीही नसते.

बंगळूरचे बी. व्ही. रामन, मद्रासचे के. एस. कृष्णमूर्ती, दिल्लीचे के. एन. राव यांनी हा विषय जोशीबुवांच्या ओसरीवरून इंग्रजी शिकलेल्यांच्या दिवाणखान्यात नेला. माणसे व्यासंगी, यात शंका नाही. परंतु राशिचक्राचा आरंभबिंदू कोठे धरावा, यावरच या पंथांचे एकमत नाही. साहा समितीने १९५५ साली चित्रापक्षाचा अयनांश स्वीकारला. रामन यांचा त्याहून सुमारे दीड अंशाने कमी, आणि आपल्याकडील टिळक पंचांगाचा तर जवळजवळ चार अंशांनी. आता गणित पाहावे. नक्षत्र १३ अंश २० कलांचे, शुक्राची महादशा २० वर्षांची. जन्मचंद्र शुक्राच्या नक्षत्रात असेल, तर दीड अंशाने पुढील सर्व दशा सव्वादोन वर्षे सरकतात. चार अंशांनी सहा वर्षे! कृष्णमूर्ती पद्धतीतील सर्वांत लहान उपविभाग तर अवघा ४० कलांचा. आणि सीमेवरच्या पत्रिकेत मुलीला ‘मंगळ’ आहे की नाही, हे भिंतीवर कोणते पंचांग टांगले आहे यावर ठरते. आमच्या वर्गांतून एम.ए. होऊन गेलेल्या मुलींची स्थळे अजूनही त्यावरून फिरतात, म्हणून हा वाद आम्हांस कोरडा वाटत नाही.

२००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांनी पुण्यात एक साधी चाचणी घेतली. काही पत्रिका हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. कोणती कोणाची ते ओळखायचे. उत्तरे पाठविली २७ ज्योतिषांनी, प्रत्येकी ४० पत्रिकांची. नाणे उडवून सरासरी २० बरोबर यावीत. सर्वांत यशस्वी ज्योतिषाची २४ आली. अशा वेळी ‘अंतःस्फूर्ती लागते’ हा बचाव ऐकू येतो. लागत असेल, पण मग ती कवितेच्या जातीची गोष्ट झाली, आणि कवी कोणाला पाचू घ्यायला लावत नाही.

तरीही २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘ज्योतिर्विज्ञान’ असा भारदस्त शब्द घडविला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. होरा खरी ठरली म्हणून नव्हे, तर अभ्यासक्रम ठरविणे हे न्यायालयाचे काम नव्हे म्हणून. २०२१ साली इग्नूने ज्योतिष विषयात एम.ए. सुरू केले. आमच्याच पदवीचे नाव! होरा विद्यापीठात जरूर असावी, पण संस्कृतीचा इतिहास म्हणून. केंद्र, पणफर, आपोक्लिम हे तिचे शब्द ग्रीकांकडून आले आणि वराहमिहिराने यवनांचा ऋण मोकळेपणी मानला. तो पेपर आम्ही आनंदाने शिकवू.