लहानांच्या हातीही बॅट द्या



मधल्या सुट्टीत आपल्या मैदानावर काय दिसते? सातवीची मुले बॅट धरतात. पाचवी-सहावीची चेंडू टाकतात. आणि पहिली-दुसरीची पोरे? ती बाभळीखाली नाहीतर शेजारच्या वावरात गेलेला चेंडू पळत जाऊन आणून देतात. "तू लहान हायस, तुला न्हाई जमायचं," असे त्यांना सांगतात. कधी डाव मिळालाच तर मोठा दादा जोरात चेंडू टाकतो, पोराचा नेम चुकतो, सगळे हसतात आणि बॅट काढून घेतात. मला हे बरोबर वाटत नाही. जमत नाही म्हणून डाव नाही, आणि डाव नाही म्हणून जमत नाही! मग पोराने शिकावे तरी कसे?

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्याची बॅट गोल, मुसळासारखी असते आणि चेंडू टप्पा न खाता थेट अंगावर आल्यासारखा येतो. मोठ्यांच्या सामन्यात चेंडू टाकणारा ६० फूट ६ इंच अंतरावरून टाकतो. तासाला १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू मारणाऱ्यापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. इतका अवघड खेळ, पण तिथे तो चार-पाच वर्षांच्या मुलांनाही शिकवतात. कसा? तर आधी चेंडू टाकतच नाहीत! मुलाच्या कमरेइतकी उंच खुंटी उभी करतात, तिच्यावर चेंडू ठेवतात आणि म्हणतात, मार आता. चेंडू जागचा हलत नाही, म्हणून मूल भीत नाही. याला टी-बॉल म्हणतात. तो नीट लागू लागला की जवळून, हळू चेंडू टाकतात. लांबून टाकणे त्यानंतर.

आपल्या विटी-दांडूतही तसेच नाही का? खळग्यावर आडवी ठेवलेली विटी आधी कोलायची, उडवून टोला हाणायचा तो मग. म्हणजे ही रीत आपल्याला अगदीच परकी नाही.

आपल्या शाळेत हे करायला पैसे लागत नाहीत. जमिनीत पक्का रोवलेला बांबूचा तुकडा ही खुंटी. मोज्यात चिंध्या भरून शिवला की झाला मऊ चेंडू. बॅट मात्र हलकी हवी. पोराने ती एका हाताने समोर आडवी धरावी. दहा अंक मोजेपर्यंत हात थरथरला नाही तर ती त्याच्या ताकदीची. पाय खांद्याइतके फाकवून चेंडूला कडेने उभे राहावे. दोन्ही हात एकमेकांना चिकटून असावेत, उजव्याने खेळणाऱ्याचा उजवा हात वर. डावखुऱ्याने उलट धरावे, त्याला बळेच उजवा करू नये. नजर चेंडूवर, आणि नुसते हात न फिरवता कंबरही फिरवावी. बाकीच्यांनी दहा पावले लांब थांबावे. मारल्यावर बॅट भिरकावायची नाही, खाली ठेवायची.

काही जण म्हणतील, पोरे बघून बघून शिकतील. पण विहिरीच्या काठावर बसून कोणाला पोहता येते का? काही म्हणतील, मुलींना कशाला? त्यांना मी अमेरिकेतलीच गोष्ट सांगते. तिथे १९३९ साली मुलांसाठी लिटल लीग ही बेसबॉलची संस्था निघाली. तीत मुलींना खेळू देत नसत. प्रकरण कोर्टात गेले आणि १९७४ साली संस्थेला नियम बदलून मुलींना घ्यावे लागले. तिथे कोर्टात जावे लागले. आपल्याला नुसते "ये गं, तुझा डाव" एवढेच म्हणायचे आहे.

हँक ॲरन हा बेसबॉलचा फार मोठा खेळाडू. तो १९३४ साली अलाबामा राज्यात एका गरीब घरी जन्मला. लहानपणी तो बाटल्यांची बुचे काठीने टोलवून सराव करी. बॅटवर हातसुद्धा उलटे धरी, ते पुढे सुधारले. या माणसाने मोठ्या सामन्यांत ७५५ होम रन मारले. होम रन म्हणजे एकाच टोल्यावर मैदानाची पुरी फेरी मारून परत येणे. आपल्यातले प्रत्येक पोर ॲरन होणार नाही, हे मलाही कळते. पण हात उलटे धरतो म्हणून त्याची काठीच काढून घेतली असती तर?

म्हणून गुरुजींना व बाईंना माझी विनंती आहे, की शनिवारी सकाळच्या शाळेत अर्धा तास मैदान फक्त पहिली ते तिसरीला द्यावे. आम्ही मोठ्यांनी तेव्हा चेंडू आणून द्यायचे काम करावे. पालकांनी घरच्या चिंध्या व फाटके मोजे पाठवावेत. आणि बघायला आलात तर "जोरात हाण!" असे ओरडू नका. जोर वयाबरोबर येतो, आधी चेंडू बॅटला लागू दे. लागला की टाळी वाजवा, नाही लागला तर पुन्हा खुंटीवर ठेवा.

खेळाचे मैदान सगळ्यांचे आहे, ते लहानांचेही असावे, एवढेच सांगून मी माझे लिखाण पुरे करते.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी