पोट गेलं, कातडी राहिली

मागच्या महिन्यात टीमबरोबर अलिबागला गेलो होतो. सगळे पूलमध्ये आणि मी काठावर, टी-शर्ट घालून. "अरे, आता तर बारीक झालास, आता कसली लाज?" एकाने पाण्यातूनच ओरडून विचारलं. मी सर्दीचं कारण सांगितलं. गंमत म्हणजे ११२ किलोचा होतो तेव्हाही हेच कारण सांगायचो!

तर मंडळी, ११२ चे ७६ व्हायला मला सव्वादोन वर्षं लागली. भाकऱ्या मोजून खाल्ल्या, पर्वतीच्या पायऱ्या झिजवल्या, कँटीनमधल्या वडा-सांबारकडे पाठ फिरवली. पण शर्ट काढला की बेंबीखाली रिकाम्या पिशवीसारखी कातडी लोंबते. खाली बसलो की मांडीवर येते. उन्हाळ्यात त्या घडीत घाम साचून पुरळ उठतं. सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं, पण फोल्डर तसाच राहिला, असा काहीसा प्रकार.

यावर आपल्याकडे पुरुषाला दोनच सल्ले मिळतात. पहिला जिममधला: "क्रंचेस वाढव, आपोआप टाइट होईल." दुसरा घरचा आणि मित्रांचा: "पुरुषासारखा पुरुष तू, कातडीचं काय घेऊन बसलास?" माझ्या मते दोन्ही चूक.

क्रंचेसने स्नायू घडतात. कातडी म्हणजे स्नायू नव्हे. वर्षानुवर्षं ताणली गेली की तिच्यातले कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे खराब होतात. मग ती किती मागे येईल हे वय, किती वजन किती वर्षं अंगावर होतं, अनुवंश, सिगरेट अशा गोष्टींवर ठरतं. मेहनतीवर नाही. क्रीम चोळून ती जात नाही. लायपोसक्शन चरबी काढतं, जादाची कातडी नाही. म्हणजे कातडी उरली यात तुमचा आळस नाही, आणि ती खरंच काढायची असेल तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही.

दुसऱ्या सल्ल्याबद्दल म्हणाल, तर चष्मा घालवायला लेसर केलेलं चालतं, टकलावर केस लावलेले चालतात, मग पोटाचं नाव काढलं की एकदम नखरे कसे? २०२५ साली मौंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शनं भारतात आली. आता वजन उतरवलेले पुरुष वाढणार आणि टी-शर्ट घालून काठावर बसणारेही. तेव्हा यावर मोकळेपणाने बोललेलं बरं.

पण म्हणून लगेच टेबलावर जाऊन झोपायचं का? थांबा. टमी टक हा काही छोटासा पॅच नाही. भूल देऊन साधारण एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात, जादा कातडी काढतात, गरज असेल तर पोटाचे स्नायू टाके घालून जवळ आणतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. त्यानंतर बऱ्याचदा काही दिवस नळ्या, काही आठवडे घट्ट पट्टा, महिना-दीड महिना जड उचलणं बंद. पाणी साचणं, जंतुसंसर्ग, जखम उशिरा भरणं आणि क्वचित पायात रक्ताची गुठळी होणं, हे धोके आहेतच. व्रण फिकट होतो, पण जात नाही. थोडक्यात काय, या रिलीजला रोलबॅक नाही. आणि आतड्यांभोवतीच्या चरबीमुळे पोट पुढे आलं असेल, तर ते याने आत जात नाही. आरोग्य विमा निव्वळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे देत नाही, म्हणजे खर्चही खिशातूनच.

आता माझी गोष्ट. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. मी सर्जनकडे गेलो तो थेट तारीख घेऊनच. म्हटलं, दिवाळीच्या आधी उरकून टाकू. त्यांनी शांतपणे विचारलं, "वजन किती दिवस स्थिर आहे?" म्हटलं, चार महिने. "निदान सहा महिने होऊ द्या, वर्ष झालं तर उत्तम. वजन परत वाढलं तर कातडी पुन्हा ताणेल, आणखी कमी झालं तर पुन्हा लोंबेल." टेस्टिंगच्या आधी रिलीजची तारीख ठरवणाऱ्या मॅनेजरला आम्ही रोज शिव्या घालतो, आणि इथे मी तेच करत होतो!

घरी येताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. मला कातडी काढायची नव्हती, लपवायची होती. लपवण्यासाठीच करायचं असेल, तर घडी देऊन व्रण घेणं हा तोट्याचा सौदा. उद्या व्रण लपवायला पुन्हा टी-शर्ट आहेच की! जिच्याशी लग्न होईल तिला दोन्हींपैकी एक गोष्ट सांगावी लागणारच. मग आत्ताच सांगायला काय हरकत आहे?

म्हणून मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: निर्जन बेटावर एकटा राहणार असतो, तरी हे केलं असतं का? उत्तर 'हो' आलं. पुरळ मला नको आहे, पळताना हलणारी ती घडी मला नको आहे. हे कारण माझं आहे, मुहूर्तावर अवलंबून नाही. तेव्हा ठरलं असं की वजन वर्षभर स्थिर ठेवायचं, प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. केलेल्या दोघांचं तरी मत घ्यायचं, आणि मग करायचं. उत्तर 'नाही' आलं असतं, तर ते पैसे म्युच्युअल फंडात गेले असते आणि त्यातही काही कमीपणा नव्हता.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं धडधाकट शरीर, कशाला चिरून घेतोस?" मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "दुखतं का रे ते?" सव्वादोन वर्षांत हा प्रश्न कुणी पहिल्यांदाच विचारला.

असो. पुढच्या ट्रिपला टी-शर्ट काढेन का? माहीत नाही. पण सर्दीचं कारण मात्र सांगणार नाही.