तांबी बसवताना दुखतं, हे आधी सांगा

मायबहिणींनो, आशाताईंनो, सिस्टर आणि डॉक्टर मंडळींनो,

मी निवृत्त नर्स. नोकरीत कितीतरी तांब्या बसवल्या आणि दरवेळी म्हणाले, "काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं होईल." एकदा एका पोरीने टेबलाची कड इतकी आवळून धरली की बोटं पांढरी पडली. वर मीच तिला म्हटलं, "मग बाळंतपण कसं सोसलंस?" तिचं सिझर झालेलं, तेही कळा सुरू होण्याआधी. पिशवीचं तोंड कधी उघडलंच नव्हतं. केसपेपर माझ्याच हातात होता.

दुखतं कुठे, तर पिशवीचं तोंड चिमट्याने धरतात तेव्हा, सळई घालून खोली मोजतात तेव्हा आणि नळीतून तांबी आत सोडतात तेव्हा. कुणाला नुसती कळ येते, कुणाला घेरी. सगळ्यांना सारखं दुखत नाही, म्हणून तर आधी विचारायचं.

उपाय आहेत. बाळंतपणात टाके घालताना आपण बधिर करायला लिग्नोकेन देतोच ना? तेच औषध पिशवीच्या तोंडाशी इंजेक्शनने किंवा वरून लावून देता येतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनेही २०२४ च्या सूचनांत ते उपयोगी पडू शकतं असं म्हटलं आहे, आणि दुखण्याबद्दल प्रत्येकीशी आधीच बोला, असंही. आयब्युप्रोफेनची गोळी नंतरच्या कळांना उतार देते, बसवतानाच्या दुखण्याला फारसा नाही. अल्सर किंवा दमा असेल तर विचारूनच घ्या.

बायांनो, टेबलावर चढण्याआधी विचारा, "भूल देणार का?" सोबत कुणाला तरी न्या. मध्येच असह्य झालं तर "थांबा" म्हणा, आणि म्हटल्यावर समोरच्याने थांबायचंच. घरी गेल्यावर ताप आला, घाण वास सुटला, दुखणं वाढतच गेलं तर त्याच दिवशी परत या.

सिस्टरांनो, ओपीडीची रांग मला ठाऊक आहे. पण लिग्नोकेन लागू व्हायला काही मिनिटंच लागतात. ३८० ए तांबी १० वर्षं चालते, तेव्हा पाच मिनिटं सोस, हा हिशेब मीही मांडायचे. आता मांडू नका. दुखण्याने घाबरलेली बाई गावात जाऊन चार जणींना सांगते, मग त्या चौघी आशाताईला दारातूनच परत पाठवतात.

आणि कुणी अंतराचं इंजेक्शन, छायाची गोळी किंवा निरोधच हवा म्हणाली, तर तेच द्या.

— तुमच्यातलीच एक निवृत्त परिचारिका